जेबॉस कॅशे ३: नोड केवढा असावा, कोणती की कुठे ठेवावी आणि डेटा कुठे हरवतो

पिंपळपान

जेबॉस कॅशे म्हणजे जावा ॲप्लिकेशन्सचा डेटा एक किंवा अनेक मशीनच्या मेमरीत ठेवणारा कॅशे. २०१० मध्ये त्याचा वारसदार इन्फिनिस्पॅन ४.० आलं आणि नवं काम तिकडे वळलं. पण ३.x वर उभी असलेली जुनी ॲप्लिकेशन्स अजून सांभाळावी लागतात, आणि त्यांत अडकण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. त्या एकत्र असाव्यात म्हणून हा धागा. भर घाला, चुकलं तर सांगा.

आधी रचना. हा कॅशे म्हणजे एक मोठा हॅशमॅप नाही, झाड आहे. वर मूळ नोड, खाली फांद्या. प्रत्येक नोडला एक नाव (मार्गाचा शेवटचा भाग) आणि त्याचा स्वतःचा एक मॅप. मार्गाला एफक्यूएन (फुली क्वालिफाइड नेम) म्हणतात. '/ग्राहक/१२३४५' हा एक नोड, त्याच्या मॅपमध्ये 'नाव', 'शहर', 'पतमर्यादा' या की. '/ग्राहक/१२३४५/खाती/बचत' हा वेगळा नोड, त्याचा मॅप वेगळा. म्हणजे कुठलीही किंमत काढायला दोन गोष्टी लागतात, मार्ग आणि की. खोलवरच्या मार्गावर 'पुट' केलं की मधले नसलेले सगळे नोड आपोआप तयार होतात, रिकाम्या मॅपसकट.

आता मुद्दा. चार गोष्टी की-गणिक नव्हे, नोड-गणिक होतात:

- लिहिताना लॉक पूर्ण नोडवर लागतो.
- एव्हिक्शन (मर्यादा ओलांडली की मेमरीतून नोड काढणं) नोड मोजतं. की मोजत नाही, बाइट तर नाहीच.
- इनव्हॅलिडेशन मोडमध्ये (नवी किंमत न पाठवता बाकी मशीनना जुनी टाकून द्यायला सांगणारा मोड) एक की बदलली तरी बाकीच्या मशीनवरचा अख्खा नोड उडतो.
- जेडीबीसी कॅशे लोडर (कॅशेचा डेटा डेटाबेसच्या टेबलात साठवणारा भाग) एका नोडची एक रो ठेवतो आणि अख्खा मॅप एकाच ब्लॉबमध्ये कोंबतो.

म्हणून आधी नोडची सीमा ठरवायची आणि त्यानंतर त्यातल्या की. '/ग्राहक' या एकाच नोडमध्ये ५०,००० की घातल्या तर काय होतं ते पाहा. कमाल नोड ५,००० ठेवलेत, पण नोड एकच, त्यामुळे एव्हिक्शनला काहीच काढावंसं वाटत नाही आणि मेमरी भरत जाते. दोन वेगळ्या ग्राहकांची माहिती लिहिणारे दोन थ्रेड एकाच लॉकपाशी रांगेत उभे राहतात. जेडीबीसी लोडर असेल तर एका ग्राहकाचं शहर बदलायला तो सगळा ब्लॉब वाचतो, एक की बदलतो आणि सगळा परत लिहितो.

उलट टोकही वाईट. 'नाव', 'शहर' असा एकेक फील्ड स्वतंत्र नोड केला तर एक ग्राहक वाचायला सात-आठ मार्ग धुंडाळावे लागतात, एव्हिक्शनच्या रांगेत तितक्या नोंदी पडतात, टेबलात तितक्या रो. जे एकत्र वाचलं जातं आणि एकत्र बदलतं ते एका नोडमध्ये, हे माझं माप. ग्राहकाची मूळ माहिती एक नोड, प्रत्येक खातं एक नोड. खात्याची शिल्लक दिवसात शंभरदा बदलेल, नाव वर्षात एकदाही नाही. ती एकाच लॉकखाली नकोत.

---

रानवारा

उपयुक्त धागा. एक नेमकी अडचण: 'पुट' झालं, लॉगमध्ये '/ग्राहक/१२३४५' दिसतं, पण त्याच मार्गावर 'गेट' केलं की नल येतं. ट्रान्झॅक्शन कमिट झालेलं आहे, एव्हिक्शन बंद आहे, मशीन एकच आहे.

---

पिंपळपान

लिहिताना मार्ग 'फ्रॉमएलिमेंट्स'ने आणि वाचताना 'फ्रॉमस्ट्रिंग'ने बनवलाय का ते बघा.

एफक्यूएन म्हणजे स्ट्रिंग नव्हे, ती ऑब्जेक्टांची यादी आहे. 'फ्रॉमएलिमेंट्स'ला तुम्ही 'ग्राहक' ही स्ट्रिंग आणि १२३४५ हा इंटिजर दिला तर दुसरा भाग इंटिजरच राहतो. 'फ्रॉमस्ट्रिंग' मात्र स्लॅशवर तोडून प्रत्येक तुकडा स्ट्रिंग म्हणून ठेवतं. इंटिजर १२३४५ आणि स्ट्रिंग '१२३४५' यांची 'इक्वल्स' जुळत नाही, म्हणून झाडात 'ग्राहक'खाली दोन वेगळे नोड होऊ शकतात. दोन्ही छापले की अक्षरं तंतोतंत तीच, त्यामुळे लॉग वाचून हे कधीच सापडत नाही. पालक नोडच्या मुलांची नावं मागवा आणि नावाबरोबर त्याचा क्लासही छापा. लगेच दिसेल.

स्लॅशचंही तसंच. नावातच स्लॅश असेल, समजा 'अ/ब', तर 'फ्रॉमएलिमेंट्स' त्याला एक पायरी मानतं आणि 'फ्रॉमस्ट्रिंग' दोन.

मार्ग बनवणारं एकच फंक्शन ठेवा, सगळे भाग तिथेच स्ट्रिंग करून घ्या आणि बाकी कोडमध्ये 'फ्रॉमस्ट्रिंग'ला बंदी घाला. लोडर वापरत असाल तर याला पर्यायच नाही. फाइल लोडर मार्गाच्या तुकड्यांवरून डिरेक्टरी बनवतो, जेडीबीसी लोडर मार्ग स्ट्रिंग करून कॉलममध्ये ठेवतो, आणि तिथून मुलांची नावं परत येतात ती स्ट्रिंग म्हणूनच. स्वतःचा क्लास मार्गात घालायचाच असेल तर तो सीरियलायझेबल हवा, न बदलणारा हवा, 'इक्वल्स' आणि 'हॅशकोड' नीट लिहिलेले हवेत. पण खरं सांगायचं तर स्ट्रिंगनेच भागतं.

---

रानवारा

तेच होतं. सर्व्हिसमध्ये इंटिजर, रिपोर्टच्या कोडमध्ये स्ट्रिंग. मनापासून धन्यवाद.

---

शेवंता

लोडरचा विषय निघालाय तर दोन आकडे. जेडीबीसी लोडरच्या नेहमीच्या उदाहरणातलं टेबल तीन कॉलमचं असतं: मार्ग, नोडचा ब्लॉब, पालकाचा मार्ग. मार्ग आणि पालक दोन्ही २५५ अक्षरांचे व्हारकॅर. खोल झाड आणि लांब नावं असली की २५५ कधी ओलांडलं ते कळत नाही, आणि एरर येते ती डेटाबेसची, कॅशेची नव्हे. कॉलम वाढवा किंवा नावं आखूड करा. मला नावं आखूड करणं बरं वाटतं, कारण मार्ग ही प्रायमरी की असते आणि लांबलचक प्रायमरी कीचा इंडेक्स जड होतो.

फाइल लोडर फक्त चाचणीसाठी ठेवा. प्रत्येक नोडला एक डिरेक्टरी आणि आत डेटाची एक फाइल. नावात कोलन, तारांकन, प्रश्नचिन्ह असलं की विंडोजवर अडतं. एकाच वेळी बरेच थ्रेड आणि ट्रान्झॅक्शनं यासाठी तो बनवलेलाच नाही.

---

आडवाट

माझा प्रश्न डेटाबद्दल. '/ग्राहक/१२३४५' मध्ये 'पत्ते' या कीखाली एक ॲरेलिस्ट आहे. 'गेट' करून त्यात एक पत्ता ॲड केला. त्याच मशीनवर तो दिसतो, दुसऱ्या मशीनवर नाही. रेप्लिकेशन सिंक आहे (बदल दुसऱ्या मशीनवर पोचेपर्यंत थांबणारं), बाकी सगळा डेटा बरोबर पोचतो.

---

पिंपळपान

तुम्ही कॅशेला काही सांगितलंच नाही. बदल झाला हे त्याला फक्त 'पुट', 'रिमूव्ह' अशा कॉलमधूनच कळतं. 'गेट'ने हातात आला तो लिस्टचा रेफरन्स. त्यात ॲड केलेला पत्ता तुमच्या मेमरीत गेला, पण कॅशेचा प्रत्येक कॉल ज्या टप्प्यांतून जातो त्या इंटरसेप्टरांच्या साखळीतून काहीच गेलं नाही. म्हणून लॉक नाही, रेप्लिकेशन नाही, लोडरला लिहिणं नाही, लिसनरला (बदल झाला की चालणाऱ्या तुमच्या कोडला) खबर नाही.

आणि याहून वाईट म्हणजे त्याच मशीनवर तो 'दिसतो'. एमव्हीसीसी (वाचणाऱ्याला न अडवता डेटाच्या वेगळ्या आवृत्त्या ठेवणारी लॉकिंगची पद्धत) लिहिण्याआधी नोडची प्रत काढतं, पण ती मॅपची उथळ प्रत. आतली लिस्ट तीच राहते. म्हणजे तुमचं ट्रान्झॅक्शन अजून कमिट झालेलं नसताना दुसऱ्या थ्रेडला अर्धवट लिस्ट दिसू शकते, आणि रोलबॅक केलं तरी तो पत्ता लिस्टमध्ये राहतोच. आयसोलेशन लेव्हल कितीही कडक ठेवा, याने काही फरक पडत नाही.

करायचं असं: लिस्ट काढा, नवी ॲरेलिस्ट बनवून त्यात ओता, नवीत बदल करा, नवीच 'पुट' करा. शक्य असेल तर कॅशेत फक्त न बदलणारे ऑब्जेक्ट ठेवा, म्हणजे नवीन माणसाच्या हातूनही ही चूक घडणार नाही. ऑब्जेक्टच्या आतले बदल आपोआप टिपायचे असतील तर त्यासाठी पोजोकॅशे हा वेगळा थर आहे, पण एवढ्याचसाठी तो आणू नये असं माझं मत.

---

शेवंता

याला जोडून: नोडवरच्या 'गेटडेटा'ने जो मॅप मिळतो तो बदलता येत नाही. त्यावर पुट केलंत तर अनसपोर्टेड-ऑपरेशन एक्सेप्शन येईल, आणि ते योग्यच आहे. 'पुटऑल' जुन्या की तशाच ठेवून वर नव्या घालतं. 'रिप्लेसऑल' आधी सगळं पुसतं, मग घालतं. डेटाबेसमधून ताजी रो आणून नोड भरताना 'रिप्लेसऑल'च हवं, नाहीतर तिकडून वगळलेला फील्ड इथे महिनोन्महिने जिवंत राहतो.

---

रानवारा

एव्हिक्शनबद्दल कुणी लिहील का? २ वरून ३ वर जाताना कॉन्फिगरेशन हाताने उतरवलं आणि आता नोड टिकतच नाहीत. टाकला की थोड्या वेळात गायब. संख्या जशाच्या तशा ठेवल्या आहेत.

---

शेवंता

संख्या जशाच्या तशा ठेवल्या हेच कारण. दोन गोष्टी बदलल्या आहेत.

पहिली, एकक. जुन्या रचनेत ॲट्रिब्यूटच्या नावातच सेकंद होतं, टाइम-टू-लिव्ह-सेकंड्स. ३ मध्ये नुसतं टाइम-टू-लिव्ह आहे आणि ते मिलिसेकंदांत. १,००० म्हणजे आधी साडेसोळा मिनिटांच्या वर होतं, आता एक सेकंद. मॅक्स-एजचंही तेच.

दुसरी, शून्याचा अर्थ. आधी ० म्हणजे मर्यादा नाही. ३ मध्ये ० म्हणजे लगेच काढून टाका, आणि मर्यादा नको असेल तर -१. कमाल नोडना ० ठेवलेला रीजन (झाडाचा स्वतःचं एव्हिक्शन धोरण असलेला भाग) ३ मध्ये काहीच टिकू देत नाही.

'थोड्या वेळात' गायब होतो, त्याच क्षणी नाही, याचंही कारण सांगते. एव्हिक्शन वेगळ्या थ्रेडवर चालतं. नोडला स्पर्श झाला की एक नोंद रांगेत पडते आणि ठरावीक अंतराने तो थ्रेड जागा होऊन रांग उपसतो. ते अंतर नेहमी ५,००० मिलिसेकंद असतं. म्हणून कमाल नोड ५,००० असले तरी थ्रेड दोनदा जागा होण्याच्या मधल्या काळात झाडात ८,००० नोड असू शकतात. हीप (जावाची मेमरी) ठरवताना हा मधला फुगवटा धरा. अंतर फार कमी केलं तर थ्रेड सतत जागाच राहतो, फार वाढवलं तर लिहिण्याच्या लोंढ्यात रांग भरते, आणि भरलेल्या रांगेत नोंद घालायला तुमचा कामाचा थ्रेड थांबून राहतो. बाहेरून ते 'कॅशे अधूनमधून गोठतो' असं दिसतं.

रीजन मार्गावरून ठरतात. '/ग्राहक' ला एक धोरण, '/दर' ला दुसरं, उरलेल्यांना डीफॉल्ट. सगळ्या झाडाला एकच एलआरयू (सगळ्यात जास्त काळ न वापरलेलं आधी काढणारं धोरण) लावणं म्हणजे रोज लाखदा वाचल्या जाणाऱ्या दरपत्रकाला एकदाच उघडलेल्या ग्राहकाशी भांडायला लावणं. जे कधीच जायला नको त्या नोडवर 'सेटरेसिडेंट' लावता येतं. एव्हिक्शन त्याकडे बघतही नाही, रांगेतली गर्दीही तेवढी कमी होते.

---

आडवाट

'एव्हिक्ट' आणि 'रिमूव्हनोड' यांत नेमका फरक काय? लोडर नसेल तर दोन्ही सारखेच ना?

---

शेवंता

नाहीत.

'रिमूव्हनोड' म्हणजे डेटा खरोखर काढून टाकणं. तो ट्रान्झॅक्शनमध्ये धरला जातो, बाकी मशीनवर पोचतो, लोडरमधूनही काढतो, आणि खालची सगळी फांदी जाते. 'एव्हिक्ट' म्हणजे फक्त या मशीनच्या मेमरीतली जागा मोकळी करणं. दुसऱ्या मशीनवर तो नोड तसाच राहतो. लोडर नसेल तर इथे नल आणि तिथे किंमत, अशी स्थिती येते. क्लस्टरमधून कधी मिळतं, कधी नाही, अशा तक्रारीचं मूळ बऱ्याचदा हेच. रेप्लिकेशन आहे म्हणून नसलेला नोड शेजारच्या मशीनवरून आणला जाईल असं समजू नका. शेजाऱ्याकडून आणायचं तर तसा लोडर जोडावा लागतो.

मुलं असलेल्या नोडला एव्हिक्ट केलं तर त्याचा मॅप रिकामा होतो, नोड सांगाड्यासाठी राहतो. तो काढला तर खालची मुलं लटकतील.

पॅसिव्हेशन चालू असेल तर एव्हिक्ट होताना नोड स्टोअरमध्ये लिहिला जातो आणि पुन्हा मागितला की मेमरीत येऊन स्टोअरमधून पुसला जातो. म्हणून पॅसिव्हेशन आणि सामायिक स्टोअर एकत्र कधीही ठेवू नका. एका मशीनने वर उचलला की दुसऱ्यासाठी तो स्टोअरमध्ये उरतच नाही.

---

पिंपळपान

शेवंता, सुरेख लिहिलंत. 'पुटफॉरएक्स्टर्नलरीड'ही इथेच नोंदवतो, कारण त्याचा गैरसमज फार. डेटाबेसमधून वाचलेलं कॅशेत ठेवण्यासाठी ते आहे: लॉकसाठी थांबत नाही, चालू ट्रान्झॅक्शन बाजूला ठेवून चालतं, अपयश गिळून टाकतं. पण नोड आधीपासून असेल तर ते काहीच करत नाही. ते की बघत नाही, नोड बघतं. '/ग्राहक/१२३४५' मध्ये 'नाव' आहे आणि तुम्ही याने 'शहर' घालायला गेलात तर ते मुकाट सोडून दिलं जातं, एररही नाही. एका नोडमध्ये एकच ऑब्जेक्ट ठेवत असाल तरच ही मेथड वापरा. हायबरनेटचा (जावा ऑब्जेक्ट डेटाबेसला जोडणाऱ्या लायब्ररीचा) दुसऱ्या पातळीचा कॅशे ती तशीच वापरत असे.

---

आडवाट

आता लॉक. 'अनेबल टू अक्वायर लॉक ... आफ्टर १०००० मिलिसेकंड्स' असा एरर दोन मशीनच्या सिंक क्लस्टरमध्ये गर्दीच्या वेळी येतो. एकाच मशीनवर लोड टेस्ट केली तर कधीच येत नाही. वेळ ३०,००० केली तर एरर बदलून रेप्लिकेशन टाइमआउटचा येतो.

---

पिंपळपान

हे नीट उलगडून लिहितो, कारण वेळ वाढवणं हाच इथे उलटा उपाय ठरतो.

पहिल्या मशीनवर ट्रान्झॅक्शन '/ग्राहक/१२३४५/खाती/बचत' वर लिहितं. लॉक लागतो तो फक्त पहिल्या मशीनवर. त्याच क्षणी दुसऱ्या मशीनवर दुसरं ट्रान्झॅक्शन त्याच नोडवर लिहितं, लॉक फक्त तिथे. दोघांनाही आपापल्या घरी लॉक मिळाला, दोघंही खूश. मग कमिटची वेळ येते. पहिलं मशीन दुसऱ्याला प्रिपेअर (कमिटची तयारी करा असा संदेश) पाठवतं, तिथे तोच लॉक मागतो, तो दुसऱ्या ट्रान्झॅक्शनकडे. दुसरं पहिल्याला पाठवतं, तिथेही तीच गत. दोघं एकमेकांची वाट बघत बसतात आणि त्यांना सोडवणारा फक्त टाइमआउट. एका मशीनवर ही साखळी बनूच शकत नाही, म्हणून तुमची लोड टेस्ट स्वच्छ जाते.

नेहमीच्या किमती: लॉक १०,००० मिलिसेकंद, सिंक रेप्लिकेशन १५,०००. क्रम हाच हवा, लॉकची वेळ सगळ्यात कमी, त्याहून जास्त रेप्लिकेशनची, त्याहून जास्त ट्रान्झॅक्शन मॅनेजरची. तुम्ही लॉकला ३०,००० दिल्यावर पाठवणारा १५,००० ला कंटाळून निघून गेला, तेव्हा समोरचा थ्रेड अजून लॉकसाठी उभाच होता. म्हणून लॉगमध्ये 'उत्तर आलं नाही' एवढंच उरलं आणि नेमक्या नोडचा मार्ग दिसेनासा झाला. लॉक परत खाली आणा, ३,००० ते ५,००० करून बघा. कोंडी तेवढी लवकर सुटते, आणि हरलेलं ट्रान्झॅक्शन थोडी यादृच्छिक विश्रांती घेऊन पुन्हा चालवा. विश्रांती दोघांची सारखी ठेवलीत तर पुन्हा तिथेच आदळतील.

पण खरा इलाज वर आहे, एकाच ग्राहकाच्या विनंत्या एकाच मशीनकडे वळवणं. लोड बॅलन्सरवर ते झालं की ही कोंडी जवळपास नाहीशी होते.

---

शेवंता

सहमत, आणि एक भर. ज्या नोडवर कुणीच लिहीत नव्हतं त्यावर लॉक मिळत नाही असं दिसलं तर लॉक स्ट्रायपिंग आठवा. कॉन्करन्सी लेव्हल ५०० म्हणजे साधारण तितकेच सामायिक लॉक, आणि नोड हॅशवरून त्यांत वाटले जातात. दोन असंबद्ध नोड एका लॉकवर येऊ शकतात. एका ट्रान्झॅक्शनमध्ये शेकडो नोड लिहीत असाल तर हे हमखास होतं. स्ट्रायपिंग बंद करा, किंवा ट्रान्झॅक्शन लहान करा. मी दुसरं आधी करेन.

---

रानवारा

शिल्लक वाचायची, शंभर वाढवायची, परत लिहायची. रिपीटेबल रीड (ट्रान्झॅक्शनभर तीच किंमत दाखवणारी आयसोलेशन लेव्हल) आहे तरी मधूनच एक वाढ हरवते.

---

पिंपळपान

एमव्हीसीसीमध्ये वाचणारा लॉक घेत नाही. दोघांनी ५०० वाचले, दोघांनी ६०० लिहिले. राइट-स्क्यू तपासणी (वाचल्यानंतर नोड दुसऱ्या कुणी बदलला का हे बघणारी) बंद असेल तर कुणी हरकत घेत नाही. ती चालू केली तर दुसऱ्याला एक्सेप्शन मिळतं आणि पुन्हा चालवायची जबाबदारी तुमची. किंवा वाचण्याआधीच ऑप्शनमधून 'सेटफोर्सराइटलॉक' द्या, म्हणजे वाचतानाच लॉक लागेल. ऑप्शन एका कॉलपुरताच टिकतो. पुढच्या 'गेट'ला पुन्हा द्यावा लागतो, आणि लूपमध्ये नेमकं हेच विसरलं जातं.

---

शेवंता

इथे मात्र मी ठामपणे वेगळं सांगेन. तो लॉकही या मशीनपुरताच आहे. दोन मशीनवर दोघंही आपापला लॉक घेऊन ५०० वाचतील आणि वर तुम्हीच सांगितलेल्या कोंडीत जातील. असिंक असेल तर कोंडीही होणार नाही, वाढ सरळ हरवेल. शिल्लक ही डेटाबेसमध्ये एका अपडेट स्टेटमेंटने वाढवायची गोष्ट आहे. कमिट झाल्यावर कॅशेतला नोड काढून टाका, पुढचा वाचणारा ताजी आणेल.

---

पिंपळपान

मान्य. पैशांच्या बाबतीत तुमचंच बरोबर. माझा उपाय एका मशीनपुरता धरावा.

---

आडवाट

राहिलेल्या दोन छोट्या गोष्टी. लिसनर प्रत्येक बदलाला दोनदा चालतो. आणि '/ग्राहक/१२३४५' ला '/जुने/१२३४५' कडे 'मूव्ह' केलं तर ते '/जुने/१२३४५/१२३४५' ला गेलं.

---

रानवारा

लिसनरचं मी सांगतो, नुकतंच शोधलंय. बदलाच्या आधी एक आणि नंतर एक अशा दोन खबरा येतात. 'इझप्री' तपासा आणि नंतरचीच घ्या. 'इझओरिजिनलोकल' बघितलं नाही तर दुसऱ्या मशीनवरून आलेल्या बदलालाही तुमचं काम चालतं, म्हणजे एकच ईमेल दोन मशीनवरून जाऊ शकतो. शिवाय लिसनर साधारणपणे बदल करणाऱ्या थ्रेडवरच चालतो, आत डेटाबेस कॉल टाकला की 'पुट' तेवढा लांबतो.

---

पिंपळपान

'मूव्ह'चा दुसरा पॅरामीटर नवा मार्ग नसून नवा पालक असतो. '/जुने' एवढंच द्या. नोडचं नाव याने बदलता येत नाही, नाव बदलायचं तर डेटा नव्या मार्गावर लिहून जुना काढा, दोन्ही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये.

आणि ही हलवाहलव करताना रिकाम्या पालकांकडे लक्ष ठेवा. '/सत्र/तारीख/तास/क्रमांक' अशी रचना असेल आणि तुम्ही फक्त 'क्रमांक' काढत असाल, तर 'तास' आणि 'तारीख' आपोआप जात नाहीत. दिवसाला २४ तास आणि १ तारीख, म्हणजे रोज २५ रिकामे नोड मागे राहतात. एव्हिक्शन नसलेल्या रीजनमध्ये वर्षाला ९,००० च्या वर. एकेक क्रमांक न काढता तास उलटल्यावर अख्खा 'तास' काढा आणि दिवस उलटल्यावर 'तारीख'.

हे होतंय का ते बघायला जेएमएक्सवरून (जावाच्या देखरेखीच्या सोयीतून) नोडची संख्या आणि ॲट्रिब्यूटची (म्हणजे नोडमधल्या कींची) संख्या शेजारीशेजारी ठेवा. नोड वाढताहेत आणि ॲट्रिब्यूट स्थिर, तर रिकामे पालक साचताहेत. नोड स्थिर आणि ॲट्रिब्यूट वाढताहेत, तर कुठलातरी एक नोड फुगतोय. मग झाडाची छपाई घेऊन तो शोधा, पण ती गर्दीच्या वेळी घेऊ नका, मोठ्या झाडावर ती सगळे नोड फिरून येते.